चार नंबरची चाळण

कांद्याच्या शेडमध्ये बाईला नाव नसतं, नंबर असतो. छताच्या वाशाला चार दोरांनी टांगलेली लाकडी चौकट, तिला खालून तारेची जाळी, ही झाली चाळण. दोन टोकांना दोन बायका. एकीने ढकलायची, दुसरीने छातीशी आली की परत लोटायची. बारका कांदा जाळीतून खाली पडतो, मोठा वर राहतो, सडका हाताने वेचून बाजूला फेकायचा. एकट्या बाईच्याने चाळण हलत नाही, म्हणून शेडचा कायदा सरळ होता. जोडी मोडली की दोघी घरी. आणि त्यांची चाळण दाराबाहेर ताटकळत बसलेल्या दुसऱ्या जोडीला, ती थेट हंगाम संपेपर्यंत.

त्यातला चार नंबर म्हणजे मानाची जागा. मोठ्या दाराच्या अगदी तोंडाशी. वारा यायचा, उजेड यायचा, टरफलांचा धुरळा बाहेर निघून जायचा. चौदा नंबर पार मागे, सडक्या ढिगाजवळ. तिथल्या बायका संध्याकाळी रडून आल्यासारखे डोळे घेऊन बाहेर पडायच्या. चार नंबर सहा वर्षं दोन सख्ख्या जावांकडे होता, थोरलीकडे आणि धाकटीकडे, आणि त्या चाळणीवर डोळा नसलेली बाई शेडमध्ये शोधून सापडली नसती.

थोरली चव्वेचाळीस वर्षांची. अंगाने दणकट, तोंडाने फटकळ, घरात तिचा शब्द शेवटचा. धाकटी तिच्याहून आठ वर्षांनी लहान, आणि थोरली करील ते करणारी. थोरलीने चहातली साखर कमी केली की धाकटीचीही कमी. थोरलीने पोराला नवं दप्तर घेतलं नाही की धाकटीचं पोरगंही जुनंच घेऊन जाणार. सासू म्हणायची, "ही विहिरीत उडी मारेल तर ती मागून पदर खोचत येईल."

त्या वर्षी हवा बिघडली. ऊन पडायच्या दिवसांत आभाळ भरून राहिलं, हवेत ओल आली आणि ढिगाच्या पोटातून कांदा सडायला लागला. महिन्याभरात सगळा माल चाळून बाहेर काढायचा, असा मालकाचा हुकूम आला. तोलारी, म्हणजे काट्यावर वजन करणारा माणूस, तोच शेडचा मुकादमही होता. तो रोज सकाळी दारात उभा राहून जोड्या मोजायचा. पोर आजारी असो की सासरा मेलेला असो, चाळण रिकामी दिसली की तो बाहेर बघून हाक मारायचा, "चला, कोण येतंय?"

अशा घाईत आरोग्य केंद्राची सिस्टर शेडवर आली. सोबत एक मदतनीस, एक घडीचं टेबल आणि एक पडदा. बायकांच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो, तो होण्याआधी कळतो, एका काडीने नमुना घ्यायचा, दोन मिनिटांचं काम, असं तिने समजावून सांगितलं. पोती ठेवायच्या खोलीत पडदा लागला. जेवणाच्या सुट्टीत यायचं होतं, म्हणजे जोडी मोडायचा प्रश्न नव्हता. तरी एक बाई जागची हलली नाही.

"काडी आत मोडली तर?" सात नंबरची म्हणाली.

"माझा नवरा म्हणतो, असले रोग वाईट चालीच्या बायकांना होतात. गेले तर विचारेल, तुला का गं शंका आली?" हे अकरा नंबरचं.

"मी सांगू का? तपासलं की निघतंच," दोन नंबरची सगळ्यांत शहाणी. "न तपासलेल्या बाईला कधी काही निघालंय का?"

सिस्टर दाराशी उभी राहून म्हणाली, "पहिली कोण येतंय?" तशा सगळ्या जणी आपापल्या डब्यात बघायला लागल्या. आणि मग, सवयीने, सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं.

आता ज्या बाईने सहा वर्षं सगळ्यांना तोंडाने दाबून ठेवलंय, तिला मान खाली घालून कसं चालेल? थोरली उठली. "मेल्या भित्र्या," ती म्हणाली आणि ताठ मानेने आत गेली.

खरं तर तिला जायचंच होतं. तीन महिने झाले, पाळी नसतानाही तिच्या कपड्याला डाग लागत होता. कधी दोन थेंब, कधी जास्त. उष्णता असेल, वय झालं असेल, असं ती स्वतःला सांगायची आणि डागाचा कपडा सगळ्यांच्या आधी उठून धुवायची. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला नाही, धाकटीला तर मुळीच नाही. आतून मात्र ती घाबरलेली होती.

पडद्याआड सिस्टर मऊ आवाजात म्हणाली, "परकर वर घ्या आणि आडव्या व्हा, मावशी. घाबरू नका."

परकर म्हटल्यावर थोरलीला आज अंगावर कोणता आहे ते आठवलं. मैद्याच्या पोत्याच्या कापडाचा. घरी शिवलेला, मऊ, टिकाऊ, काही दोष नाही. फक्त मागच्या बाजूला निळ्या शाईचा शिक्का होता, 'निव्वळ वजन पन्नास किलो', आणि तो कितीही घासला तरी जात नव्हता. शिवाय खाली दोन ठिगळं. ती बाई हसेल, मदतनीस हसेल, संध्याकाळपर्यंत शेडभर होईल. चार नंबरवाली पन्नास किलो!

"बाई," थोरली म्हणाली, "मला पाळी आलीय."

"अहो, मग बाहेरच सांगायचं ना. पाळीत नमुना घेता येत नाही. दहा दिवसांनी केंद्रावर या. याल ना? मी लिहून ठेवते."

"येते की."

पडदा सारून ती बाहेर आली. तीसेक तोंडं तिच्याकडे बघत होती, आणि त्यात सगळ्यांत पुढे धाकटीचं, डोळे मोठे केलेलं. थोरलीने कंबरेवर हात ठेवले. "झालं. मुंगी चावल्याइतकंसुद्धा नाही."

"खरंच, जाऊबाई?"

"मी खोटं बोलते का कधी?"

धाकटी उठली आणि गेली. तिच्या मागून आणखी पाच जणी गेल्या. संध्याकाळी घरी जाताना धाकटी खुशीत होती. "थोडं गार लागलं, नाही हो? पण दुखलं नाही. तुम्ही आधी गेलात म्हणून बरं, नाहीतर माझा काय जीव होता!" थोरली म्हणाली, "हं," आणि भरभर चालायला लागली.

दहा दिवस गेले. थोरली केंद्रावर गेली नाही. गेलं की जोडी मोडणार, जोडी मोडली की चाळण जाणार, हे कारण तयारच होतं. कारण खोटं नव्हतं, पण त्याच्या मागे ती लपत होती हेही तिला कळत होतं.

सतराव्या दिवशी, भर कामात, तोलारी काट्यावरून उठून आला आणि चाळणींच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला, "चार नंबर! केंद्रातून फोन होता. तुम्हाला परत बोलावलंय. बुधवारी सकाळी."

शेडमधल्या चाळणी एकेक करून थांबल्या.

"कुणाला?" धाकटीने विचारलं. "दोघींतलं कुणाला?"

तोलाऱ्याने डोकं खाजवलं. "नाव सांगितलं होतं बाईने. पण इथं नावाने कोण कुणाला ओळखतंय? मी विचारलं, चाळण कितवी? ती कागद बघून म्हणाली चार. मी म्हटलं बरं. घाबरू नका म्हणाली, पण नक्की या म्हणाली." मग आपल्या कामावर येत म्हणाला, "बुधवारी जोडी मोडणार असेल तर आधी सांगा. बाहेर लोक आहेत."

धाकटीने चाळण धरून ठेवली आणि पुटपुटली, "माझं की तुमचं?"

थोरलीला माहीत होतं. कागदावर चार नंबरच्या दोन बायका असतील, पण नमुना एकीचाच गेला होता. सांगावं तर आत्ताच सांगावं लागेल, दोन नंबर, सात नंबर, अकरा नंबर, सगळ्यांच्या देखत. ती एवढंच म्हणाली, "ढकल. तोलारी बघतोय."

त्या संध्याकाळी धाकटीने चुलीपुढे बसून डाळ ढवळता ढवळता सगळं ठरवूनही टाकलं. "हे बघा जाऊबाई, तुमचं असलं तर मी सोबत येईन. माझं असलं तर तुम्ही या. एकटीने नाही जायचं." मग जरा थांबून म्हणाली, "मी देवाला सांगितलंय, माझंच असू दे. तुमच्यावर घर आहे. माझं काय, मी तुमच्या मागे मागे फिरणारी."

थोरली ताटं मांडत होती. एक ताट तिच्या हातून निसटलं आणि खणखणत दारापर्यंत गेलं. तिला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. जेवताना तिचा घास तोंडातच फिरत राहिला. नवऱ्याने विचारलं, "काय गं, दुखतंय का काही?" तर ती त्याच्यावरच खेकसली.

दुसऱ्या दिवशी चाळण सुरू होऊन तास झाला असेल. आभाळ दाटलेलं, दारातून ओला वारा येत होता, घामाने भिजलेल्या मानेला टरफलं चिकटत होती. चाळण थोरलीकडे आली आणि तिने ती परत लोटलीच नाही. छातीशी धरून ठेवली.

"तुझंच आहे," ती म्हणाली.

"काय माझं?"

"तो निरोप. माझा नमुना घेतलाच नव्हता. मी आत जाऊन पाळी आलीय म्हणून सांगितलं आणि बाहेर आले."

धाकटीला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे मुंगी..."

"मुंगीही नाही आणि काही नाही."

"तुम्ही म्हणालात, मी खोटं बोलते का कधी!" धाकटीचा आवाज चढला. सहा वर्षांत तो पहिल्यांदा चढला होता. "मी तुमच्या भरवशावर आडवी पडले, आणि तुम्ही... का? का पळालात?"

थोरलीने इकडेतिकडे बघितलं. पाच नंबर ऐकत होता, तीन नंबर ऐकत होता. ती खाली मान घालून म्हणाली, "परकर पन्नास किलोचा होता."

दुसऱ्या कुठल्या दिवशी धाकटी हसून हसून कांद्यात लोळली असती. आज तिने चाळणीवरचे हात काढून घेतले. चाळण वेडीवाकडी झुलली आणि निम्मा कांदा जमिनीवर सांडला.

"मग ऐका," ती म्हणाली. "बुधवारी तुम्ही आधी आडव्या पडायचं. माझ्या डोळ्यांदेखत. तुम्ही पडल्याशिवाय मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. मेले तरी चालेल."

"अगं, तुझं तपासायचंय, माझं काय..."

"पहाटे उठून काय धुता तुम्ही? मला वाटलं, तुम्ही आपणहून सांगाल."

थोरली खाली बसली आणि सांडलेला कांदा गोळा करायला लागली. धाकटीला ती ओळखून होती. सगळ्यांचं ऐकणारी माणसं एकदा अडून बसली की मग बैलजोडी लावली तरी हलत नाहीत. आपण गेलो नाही तर ही जाणार नाही, आणि ही गेली नाही तर पुढचं सगळं आपल्या माथ्यावर.

घरी दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. सासू अंगणात बसून हे बघत होती. तिला ऐकू कमी यायचं, पण कळायचं सगळं. तिने धाकटीला बोलावून विचारलं, थोरलीला बोलावून विचारलं, आणि दोघींच्या गोष्टी जोडून घेतल्या. मग म्हणाली, "माझी पाठची बहीण अशीच गेली. डाग लागतोय म्हणून कुणाला सांगायची नाही. खोलीत वास यायला लागला तेव्हा आम्हाला कळलं. तेव्हाही ती मलाच म्हणत होती, खिडकी उघडू नकोस, लोकांना कळेल." बोलता बोलता तिने डोळे पुसले. "दोन लेकरं ठेवून गेली. अडतीस वर्षांची होती."

हे घरात कुणाला माहीत नव्हतं. पोटाच्या दुखण्याने गेली, एवढंच सगळे ऐकत आले होते.

म्हातारी उठली, आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. ती पांढऱ्याशुभ्र कोऱ्या कापडाची घडी घेऊन बाहेर आली आणि थोरलीच्या मांडीवर टाकली. "घे. परकर शिव."

थोरली घाबरली. "आई, हे तर तुम्ही शेवटचं..."

"हो, शेवटचं अंगावर घालायला ठेवलंय. पण मी काय बुधवारी मरत नाहीये. शिव गुमान. आणि तुझ्या नवऱ्याला मी सांगते, तो काय बोलतो ते बघतेच मी."

नवरा शेडवर पोती वाहायचा. आईने सांगितल्यावर तो थोरलीला म्हणाला, "तीन महिने? मला सांगायचंस की." तो रागावला नव्हता, घाबरला होता. बुधवारी रिक्षा तोच बोलावून घेऊन आला.

जायच्या आधी थोरली तोलाऱ्यापुढे उभी राहिली. "चार नंबर आम्ही सोडतोय. द्या कुणाला द्यायचा तो."

"एवढी जागा सोडताय?" तोलारी खरोखर हळहळला. "बघा बाई. परत आलात तर मागचा चौदा रिकामा असतो नेहमी. तिथे कुणी टिकत नाही."

केंद्राच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. आत हाक आली तेव्हा थोरली उठली. धाकटी मागोमाग आत आली आणि पडद्यापाशी हाताची घडी घालून उभी राहिली, राखणीला ठेवल्यासारखी. सिस्टरने थोरलीला बरोबर ओळखलं. "पाळीवाल्या मावशी ना? दहा दिवस म्हटलं होतं, वीस लावलेत."

थोरली आडवी झाली. छताला पाण्याचा एक डाग होता, त्याच्याकडे बघत राहिली. नवा परकर कांजीने कडक झालेला, वर घेताना करकर वाजला. तिला वाटलं आता खरं ते बोलूनच टाकावं, पोटात ठेवून तरी काय करायचं. "त्या दिवशी परकर पोत्याचा होता, बाई. म्हणून खोटं बोलले."

सिस्टर हातमोजे चढवत म्हणाली, "मावशी, या टेबलावर पोत्याचे, पडद्याचे, नवऱ्याच्या लुंगीचे, सगळे परकर येऊन गेलेत. मी परकर बघायला बसलेली नाही. आता अंग सैल सोडा. श्वास घ्या."

थोडं गार लागलं. थोडं दाबल्यासारखं झालं. आणि संपलं.

"झालं?" थोरली म्हणाली.

"झालं. डागांसाठी डॉक्टरीणबाईही बघतील. मला एक छोटा मऊ कोंब दिसतोय, अशाने डाग लागतो. तो त्या आजच काढतील. नमुन्याचा निकाल फोनवर कळवू."

थोरलीने मान वळवून पडद्याकडे बघितलं. "ऐकलंस? झालं."

"मुंगी चावली का?" धाकटीने विचारलं. तीन दिवसांत ती थोरलीशी पहिल्यांदा बोलली होती.

"डोंगळा," थोरली म्हणाली. "पण मेलेला."

मग धाकटीचा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी औषध लावून बघितलं. आत एक पांढरा चट्टा होता, कांद्याच्या टरफलाच्या तुकड्याएवढा. थोरली तिचा हात धरून डोक्याशी उभी होती. "हा कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या. "तसाच ठेवला असता तर काही वर्षांनी झाला असता. आत्ताच गोठवून टाकते. महिनाभर जड उचलायचं नाही, नवऱ्याला लांब ठेवायचं, आणि वर्षभराने परत दाखवायचं."

"नवरा आपोआपच लांब आहे," धाकटी म्हणाली, "बोअर मारायच्या गाडीवर, दोन महिने येत नाही." आणि ती रडायला लागली. थोरली पण रडायला लागली. सिस्टरने दोघींना पाणी दिलं, आणि बाहेर बसलेल्या थोरलीच्या नवऱ्याला वाटलं आत काहीतरी भयंकर झालंय, तो दार उघडून आतच घुसला. त्याला हुसकावून लावताना तिघी हसायला लागल्या.

चार दिवसांनी त्या शेडवर परतल्या ते चौदा नंबरवर. उजेड नाही, वारा नाही, बाजूला सडका ढीग, डोळ्यांतून पाणी. थोरली पोती एकटी ओढायची, धाकटीला हात लावू द्यायची नाही. चार नंबरवर आता दुसरीच जोडी होती, नणंद-भावजय, गालात हसणारी. बायका अधूनमधून मागे यायच्या आणि विचारायच्या, काय झालं? थोरली सगळं सांगायची. पळाले ते, परकर, पन्नास किलो, चट्टा, सगळं. सुरुवातीला हळू आवाजात, मग नेहमीच्या आवाजात. दोन नंबरची म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं? तपासलं आणि निघालं." थोरली म्हणाली, "निघालं म्हणूनच ही उद्या परवा तुझ्या पोरीच्या लग्नात नाचणार आहे. न निघालेल्या कुठे गेल्यात ते माझ्या सासूला विचार."

तिच्या स्वतःच्या निकालाचा मात्र पत्ता नव्हता. दहा दिवस झाले, पंधरा झाले. डाग थांबला होता, तरी फोनचा आवाज आला की तिचे हात थांबायचे. धाकटी नुसती चाळण तिच्याकडे लोटायची. थोरली ती परत लोटायची.

अठराव्या दिवशी दुपारी तोलारी उठला. काट्यापासून चार पावलं चालला आणि पुढच्या दाराशी जाऊन ओरडला, "चार नंबर! केंद्राचा निरोप! सगळं ठीक आहे म्हणे. काही निघालं नाही."

चार नंबरवरची नणंद चरकली. "आमचं? आम्ही तर गेलोच नव्हतो!"

"मग हा कुणाचा निरोप?" तोलारी गोंधळला. "त्यांच्या कागदावर चारच आहे."

पार मागून, अंधारातून, सडक्या ढिगाच्या बाजूने आवाज आला. "माझा आहे! अहो, तो माझा आहे!"

थोरली धावत होती. तेरा चाळणींमधून, पोत्यांवरून, टरफलं उडवत, डोक्याचा रुमाल सुटलेला, डोळे लाल. हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली, त्यात तिचा नवराही होता. एकेक चाळण थांबत गेली. "माझा निरोप आहे तो! मी तपासून घेतलंय, मी! काही निघालं नाही?"

"नाही म्हणाल्या," तोलारी दोन पावलं मागे सरकत म्हणाला. "तीन वर्षांनी या म्हणाल्या."

थोरली दाराच्या उजेडात, चार नंबरच्या चाळणीखाली, बारक्या कांद्यांवर फतकल मारून बसली आणि मोठ्याने हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते कांद्याचं आहे असं सांगायचीही तिला गरज वाटली नाही. धाकटी मागून चालत आली, घाई न करता, आणि तिच्या शेजारी बसली.

चार नंबरवरची भावजय बराच वेळ दोघींकडे बघत होती. मग चाळण एका हाताने धरून खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "आत्या, केंद्र कोणत्या वारी उघडं असतं?"

"बुधवारी," थोरली म्हणाली. "आणि परकर कसलाही चालतो."